भाकरी बांधून बायपास बघायला निघालो

सोमवारी सकाळी प्लॉटवाल्याला हो की नाही ते सांगायचं होतं, आणि शुक्रवारी दुपारपर्यंत आम्ही नवराबायको एकमेकांशी "दूध आलं का" आणि "आलं" एवढंच बोलत होतो.

जे हा ब्लॉग पहिल्यांदाच वाचतायत त्यांना आधी सांगते. वसमतला मोंढ्याच्या मागच्या गल्लीत आमचं छोटं हॉटेल आहे. मोंढा म्हणजे आमच्याकडचा धान्याचा आणि हळदीचा बाजार. हॉटेलच्या पाटीवर आमच्या यजमानांचं नाव आहे म्हणून मी त्यांना मालक म्हणते. चुलीपाशी मी असते, तेव्हा खरी मालकी कुणाची ते गिऱ्हाइकांना ठाऊक आहे. हा ब्लॉग मी गल्लीतल्या दुकानांवर लिहायला सुरू केला होता. कुणाचा खवा ताजा, कुणाच्या भज्याचं तेल काळं, कोणता शिंपी दिलेल्या दिवशी ब्लाउज देतो (कुणीच नाही), नालीवरची फरशी कधीपासून तुटून पडलीय, असलं सगळं. लोक चिडतात, पण वाचतात. खवेवाल्याने तर मध्यंतरी मला नमस्कार करणंच सोडलं होतं. खवा मात्र सुधारला.

तर भांडण बायपासचं होतं. गावाबाहेरून नवा रस्ता झाला, तिथे एक प्लॉट भाड्याने मिळत होता. मालकांच्या मनात हॉटेल उचलून तिकडे न्यायचं होतं. तिकडे हळदीची नवी गोदामं झालीत, निम्मी हळद तिथेच उतरते, असं ते म्हणायचे. मी काही बघायला गेले नव्हते. माझं म्हणणं एकच होतं, बायपासची कुणकुण लागल्यापासून मी ते गिऱ्हाइकांनाही ऐकवायचे, की आपली माणसं या गल्लीत येतात, त्यांना सोडून जायचं नाही.

आपली माणसं म्हणजे कोण, तेही सांगायला हवं. खेड्यातून हळद घेऊन आलेला माणूस आमच्याकडे घरून भाकरी बांधून आणतो. बाकावर बसतो, फडकं सोडतो आणि म्हणतो, "वहिनी, रस्सा द्या." आम्ही वाटीत रस्सा वाढतो, सोबत कांदा, पाणी. पैसे फक्त रश्श्याचे. भाकरी त्याची, कालवण आमचं. आमच्या आधी या जागेत जे होते तेही असंच करायचे, त्यांच्या आधीचेही. यात बाक अडकून राहतो, पुरी-भाजी मागणारं गिऱ्हाईक उभं राहतं आणि मालकांचा जीव वरखाली होतो. बायपासला गेलो की ही कटकट आपोआप संपेल, हाही त्यांच्या हिशेबात होता. तिकडे गाड्या थांबणार, लोक पनीर मागणार.

"तू जिल्हा तरी बघितलास का?" मालक शुक्रवारी म्हणाले. "रस्ते कुठून कुठं गेले, लोकांनी कसले कसले हॉटेल टाकले. तुझं जग म्हणजे मोंढा ते पिठाची गिरणी."

ते मला झोंबलं, कारण खरं होतं. लग्न होऊन आले तेव्हापासून औंढ्याला दर्शनाला आणि हिंगोलीला लग्नाकार्याला, यापलीकडे मी गेलेली नाही. मी म्हटलं, "चला मग. दाखवा."

शनिवार-रविवार तसाही मोंढा थंडा असतो. हॉटेल बंद ठेवायचं, मोटारसायकल काढायची, दोन दिवस जिल्ह्याला फेरी मारायची, दिसेल तिथे खायचं आणि मग मी म्हणेन तसं करायचं, असं ठरलं. मालकांनी हे इतक्या पटकन कबूल केलं की मला संशयच आला.

शनिवारी दिवस उगवायला निघालो. फेब्रुवारी संपत आलेला, सकाळची हवा गार. मी धपाटे केले, ज्वारीच्या भाकरी केल्या, लाल मिरचीचा ठेचा डबीत भरला आणि सगळं फडक्यात बांधून पिशवी हँडलला अडकवली. दोन हॉटेलवाले जिल्हाभराची हॉटेलं बघायला निघालेत आणि घरून भाकरी घेऊन निघालेत, यात काही चुकतंय असं तेव्हा दोघांपैकी एकालाही वाटलं नाही. आमच्याकडे भाकरी बांधल्याशिवाय कुणी गावाची शीव ओलांडत नाही.

औंढ्याचा रस्ता आता चांगला आहे. मधे एकदोन ठिकाणी गतिरोधक असे आहेत की कंबरेचा कस लागतो, पण एरवी गाडी पळते. गाव मागे पडलं आणि जरा वेळाने मी मालकांच्या पाठीवर थाप मारून गाडी थांबवायला लावली. रस्त्यालगतच्या शेतात हळद शिजत होती. मोठाले लोखंडी ड्रम, खाली जाळ, वरून वाफेचे लोट. आणि पलीकडे, जिथवर नजर जाईल तिथवर, शिजलेली हळद वाळत घातलेली. जमीन दिसतच नव्हती. उन्हं नुकती वर आली होती आणि ते सगळं रान पिवळंधमक पेटल्यागत दिसत होतं. मी बांधावर तशीच उभी राहिले.

डोक्याला रुमाल बांधलेली एक बाई घमेलं घेऊन आली. कोपरापर्यंत हात पिवळे.

"काय बघून राहिल्या ताई?"

"हळद."

"हळद कधी बघितली न्हाई का?"

"रोज बघते," मी म्हटलं. "पोत्यात."

ती हसली. घमेल्यातलं एक हळकुंड काढून तिने माझ्या हातावर ठेवलं. गरम होतं. म्हणाली, "मोडून बघा." मोडलं, तर आतून असा केशरी रंग निघाला की मी त्याचा वासच घेत बसले. इतकी वर्षं हळदीच्या बाजाराच्या पाठीशी चूल मांडून बसलेय, रोज बोटभर हळद भाजीत घालते, आणि ती शिजताना कशी दिसते ते मला माहीत नव्हतं. मला खरंच लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त नवल वाटलं. तुम्ही या भागात येणार असाल तर याच दिवसांत या. उन्हाळा चढला की हे सगळं पोत्यात जातं.

औंढ्याला देवळात गर्दी नव्हती. लहानपणापासून देवाच्या दारी गेलो की आपण हात जोडायचे, प्रसाद घ्यायचा, चपला जागेवर आहेत का ते बघायचं आणि परतायचं. या खेपेला मी देवळाला बाहेरून सावकाश चक्कर मारली. काळ्या दगडात हत्तींची रांग, त्यावर माणसं, नाचणारी, वाजवणारी, एक बाई नुसतीच मान वळवून कुणाकडे तरी बघतेय. दगडात कुणी मान वळवावी तरी किती मऊ. आत गाभारा खाली आहे, अरुंद जागेतून अंग चोरून उतरावं लागतं, आणि खाली गेल्यावर असा गारवा लागतो की माणूस आपोआप हळू बोलायला लागतो. मालकांनी डोळे मिटून बराच वेळ काहीतरी मागितलं. काय ते मला न विचारता कळलं.

देवळाबाहेरच्या दुकानांबद्दल मात्र बोलणार आहे. पेढा चांगला आहे, थोडा जास्त परतलेला, मला तसाच आवडतो. पोहे चांगले, वर शेव भरपूर. पण फुलांच्या, प्रसादाच्या पिशव्यांचा जो ढीग मागच्या बाजूला पडतो, तो उचलायला कुणालाच वेळ नाही. हजारो माणसं येतात त्या गावाला कचऱ्याची एक गाडी वेळेवर येऊ नये, हे माझ्या डोक्यात बसत नाही. चहावाल्याला बोलून दाखवलं तर तो म्हणाला, "मावशी, तुमी लिहिता ना कुठंतरी? लिहा मग." कळलं कसं, देव जाणे. लिहिलं बघा.

तिथून सिद्धेश्वर धरणाला. शेवटचा रस्ता जरा खडबडीत आहे, चारचाकी असेल तर सावकाश न्या. धरणाच्या भिंतीकडे चढलो आणि समोर पाणी. मी मराठवाड्याची बाई. पाणी म्हणजे टाकी, हंडा, टँकर. इतकं पाणी एका जागी उगाच पडून राहिलेलं मी आयुष्यात बघितलं नव्हतं. पलीकडचा काठ धुरकट दिसत होता, मधे एकच होडी, आणि वारा आला की सगळं पाणी एकदम शहारायचं. मालक म्हणाले, "हेच पाणी कॅनॉलनं आपल्याकडं येतं."

वसमतच्या बाजूचा कॅनॉल मी हजारदा ओलांडला असेल. तो कुठून येतो याचा विचार कधी केला नाही. सकाळची हळद, तिचा तो केशरी रंग, आमच्या गल्लीतली वर्दळ, रस्सा मागणारी माणसं, सगळं या पाण्यावर चाललेलं आहे, हे तिथे उभं राहिल्यावर कळलं आणि मी तिथेच दगडावर बसले. मालकांना वाटलं मला ऊन लागलं.

धरणाच्या खालच्या बाजूला एका झोपडीत तळलेले मासे मिळतात. नुसतं तिखट-मीठ-हळद लावलेले, कढईतून थेट पानावर. मालकांचा शनिवार असतो, मारुतीचा. मी मारुतीला काहीच कबूल केलेलं नाही. मासेवाल्याने एकटीसाठी पान मांडलं आणि मालकांना म्हणाला, "दादा, तुमी वास घ्या, वासाला वार नसतो." मी काट्यासकट चावून खाल्ले. पोटभर खाऊनही शंभराच्या आत भागलं. शेवटी मालकांनी आपलं धपाटं काढून ठेच्याशी खाल्लं आणि झोपडीवाल्याने काही न म्हणता त्यांना पाण्याचा तांब्या आणून दिला.

मुक्काम हिंगोलीला नणंदेकडे. ज्यांची नणंद हिंगोलीत नाही त्यांना स्टँडच्या आसपास लॉज मिळतात. संध्याकाळी आम्ही बाजारातून पायी हिंडलो. जिल्ह्याचं गाव झाल्यापासून हिंगोलीच्या अंगावर मांस चढलंय हे खरं. काचेची दुकानं, मोबाईलची दुकानं, केकची दुकानं एकाला एक लागून. केकच्या दुकानात एक म्हातारे बाबा धोतर सावरत "नातीचं नाव बराबर लिहा" असं बजावत होते आणि आतला पोरगा क्रीमने एकेक अक्षर काढत होता. मला ते फार आवडलं. फुटपाथ मात्र आहे म्हणायला आहे. त्यावर दुकान, दुकानावर छत्री, आणि माणूस रस्त्यात. कढी-भजे खाल्ले. कढी गोड होती. हिंगोलीकर रागावोत, कढीत साखर घालायचं कारण मला समजलेलं नाही.

रविवारी नणंदेने ताज्या भाकरी फडक्यात बांधून दिल्या, त्या घेऊन कळमनुरीच्या रस्त्याला लागलो आणि पळस दिसायला लागला. माळावर, टेकडीवर, जिथे गवताची काडी नाही तिथे हे झाड बिनपानाचं, नुसतं फुलांनी लालबुंद. थांबत थांबत गेलो. पुढे मोठा हमरस्ता लागला. त्याच्याबद्दल मी आधीच वाईट मत करून बसले होते, कारण असल्या रस्त्यांसाठी कडेची जुनी झाडं जातात. झाडं गेलीच आहेत, त्याबद्दल माझा राग कायम आहे. पण रस्ता बघून मी गार पडले. एवढा रुंद, एवढा सपाट, दोन्ही बाजूंनी गाड्या आपापल्या वाटेने चाललेल्या, आणि आमची जुनी मोटारसायकल कधी नव्हे ते न खोकता पळतेय. नणंदेच्या सासूला दवाखान्यात न्यायचं तर पूर्वी अर्धा जीव रस्त्यातच जायचा. आता तासाभरात नांदेड गाठतात, हे नणंद सांगत होती. रस्त्याला नावं ठेवताना हेही बोलायला हवं.

एक तक्रार मात्र ठणकावून करणार. इतक्या कोटींच्या रस्त्यावर बाईमाणसाला जायला आडोसा नाही. पेट्रोलपंपावर विचारलं तर कुलूप, किल्ली कुणाकडे तर साहेबाकडे, साहेब कुठे तर जेवायला. झाडं होती तेव्हा निदान झाड तरी होतं.

दुपारी मालकांनी एका मोठ्या हॉटेलपुढे गाडी लावली. नाव लिहीत नाही. मनातून त्यांना मला हेच दाखवायचं होतं, हे त्यांच्या चालीवरून कळत होतं. पुढे फरशीचं अंगण, रंगीत खुर्च्या, झोपाळा, फोटो काढायला बैलगाडीचं चाक. आत पंखे, लख्ख टेबलं, हात धुवायला पांढरी भांडी, आणि होय, बायकांसाठी वेगळं स्वच्छ ठिकाण, ज्यासाठी मी त्यांना तिथल्या तिथे पूर्ण गुण दिले. "बघ," मालक हळूच म्हणाले. "असं करू आपण." खोटं कशाला बोलू, मीही भारावले होते. आपल्या हॉटेलला असे पंखे असते तर, असं मनात आलंच.

पोऱ्या पाण्याचे ग्लास ठेवून गेला. मालकांनी सगळीकडे डोळे भरून बघितलं, खुर्ची पुढे ओढली, आणि सवयीने पिशवीत हात घालून फडकं काढलं. टेबलावर सोडलं. भाकरी मांडल्या, ठेच्याची डबी उघडली आणि मोठ्याने म्हणाले, "एक वाटी रस्सा द्या हो."

मला तेव्हाही काही चुकल्यासारखं वाटलं नाही. मी कांदा फोडायला जागा बघत होते.

गल्ल्यावरचा माणूस उठून आला. तरुण होता, बोलायला नरम होता. "काका, घरचं चालत न्हाई हितं." भिंतीकडे बोट केलं. तिथे पाटी होती, सुबक अक्षरांत. घरचे डबे आणून खाण्यास मनाई.

"रस्सा घेऊन राहिलो की आमी," मालक म्हणाले. "फुकट न्हाई मागत."

"नुसता रस्सा न्हाई भेटत काका. थाळी घ्या. न्हाईतर मग बाहेर..." त्याने वाक्य पुरं केलं नाही. बाजूच्या टेबलावरची मंडळी आमच्या भाकरीकडे बघत होती.

मालकांनी फडक्याची टोकं गोळा केली. घाईत ठेचा फडक्याला लागला. त्यांचा चेहरा मी इतक्या वर्षांत असा कधी बघितला नव्हता. दुसरा कुणी असता तर मी त्या गल्लेवाल्याला धारेवर धरलं असतं, माझं तोंड काही शिवलेलं नाही. पण तो पोरगा काय चुकीचं बोलला होता? त्याच्या हॉटेलचा नियम होता, आणि हाच नियम करण्यासाठी मालकांना बायपासला जायचं होतं. मी पिशवी उचलली आणि उठले.

पुढे डोंगरकडा गाव लागलं. तिथे सगळीकडे केळी. रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीच्या बागा इतक्या गर्द की उन्हातून एकदम सावलीत आल्यासारखं झालं. एका झाडाखाली केळीचे घड उतरवून गाडीत भरणं चाललं होतं. घड खांद्यावर घेऊन माणसं पळत होती आणि एकाही केळ्याला ओरखडा नव्हता. ही गाडी कुठे चाललीय विचारलं तर चालक म्हणाला, "दिल्लीकडं." आमच्या जिल्ह्यातलं केळं दिल्लीला जातं आणि मी कधी कळमनुरी तालुका बघितला नव्हता. दोन दिवसांत नवल करून करून थकले होते, तरी पुन्हा नवल वाटलं.

त्याच झाडापाशी पत्र्याच्या टपरीत एक बाई चहा-भजे करत होती. साठीची असेल, दंडावर पांढऱ्या बांगड्या, जवळच्याच बंजारा तांड्यावरची. आम्ही झाडाच्या बुंध्याशी बसलो. मालक फडकं सोडेनात. दोनदा हात पिशवीकडे गेला आणि माघारी आला.

बाईने ते बघितलं असणार. "काहून बसून राहिलात नुसते? भाकरी हाय का संगं?"

"हाय," मी म्हटलं.

"मग काढा की. कालवण देते मी."

तिने वांग्याचं झणझणीत कालवण दोन ताटल्यांत वाढलं. मालक मान खाली घालून जेवले. मी तिला सगळं सांगून टाकलं, हॉटेल, गल्ली, बायपास, मघाचं सगळंच. म्हटलं, मी काही माझ्या माणसांना सोडून जाणार नाही. आता तर नाहीच.

ती भजे तळता तळता ऐकत होती. म्हणाली, "मी आधी गावात बसत होते, जुन्या थांब्याला. मग गाड्या फाट्यावर थांबू लागल्या, तर मी फाट्यावर गेले. आता केळी हितं भरतेत, तर हितं आले. आमचे बापजादे बैलांवर माल घालून फिरायचे. बाजार जिकडं, तांडा तिकडं."

"पण जुनी माणसं?"

"कोण जुनी? हीच तर जुनी माणसं हायत." तिने झाऱ्याने केळीवाल्यांकडे दाखवलं. "माणूस उपाशी हितं अन् चूल तिकडं, त्याचा काय फायदा ताई?"

निघताना कालवणाचे पैसे दिले, ते तिने मोजून न बघता डब्यात टाकले. डोंगरकड्याला गेलात तर तिच्याकडे थांबा. वांगं फार तिखट असतं, सोबत केळं घ्या.

संध्याकाळी वसमतला आलो ते मुद्दाम बायपासने. मी पहिल्यांदाच तो रस्ता नीट बघितला. हळदीची गोदामं खरंच होती, लांबच लांब, एकापुढे एक, रविवार म्हणून शटर ओढलेली. समोर मोकळं मैदान, ट्रॅक्टरच्या चाकांच्या खोल रेघा. मैदानात झाड नाही, बाक नाही, पाण्याचा नळ नाही. आमचा तो प्लॉट त्याच्या बरोबर समोर होता.

मालकांनी गाडी थांबवलीसुद्धा नाही. घरी येऊन हातपाय धुतल्यावर म्हणाले, "जाऊ दे. नको बायपास. माझं मन उडालं. हितंच बरे आपण."

मी जिंकले होते. दोन दिवसांपूर्वी हे ऐकायला मी काय वाटेल ते दिलं असतं. पण मला आनंद होईना. डोळे मिटले की ते पाणी दिसायचं, ती हळद, तो रुंद रस्ता, आणि त्या टपरीवालीचा झारा. आपला जिल्हा इतका मोठा आणि इतका चालता आहे, सगळं कुठून तरी निघून कुठे तरी पोहोचतंय, हे बघून मी हरखून गेले होते आणि जरा घाबरलेही होते. आणि गल्लीचं प्रेम खोटं नव्हतं. समोरचा किराणावाला, पलीकडची पिठाची गिरणी, तो अबोला धरणारा खवेवाला, यांच्याशिवाय माझी सकाळ होत नाही. प्लॉटवाल्याला काय सांगायचं ते ठरवता येईना. मालक म्हणाले, सकाळी फोन करून नाही सांगतो.

सोमवारी हॉटेल उघडलं. अकराच्या सुमाराला रंगनाथबापू आले. खेड्यावरचे, पन्नाशी ओलांडलेले, हळदीच्या दिवसांत दर आठवड्याला येणारे. सोबत गावचेच तिघं. सगळ्यांच्या पायांवर धूळ. बाकावर बसले, फडकी सोडली. "वहिनी, रस्सा द्या."

रस्सा वाढता वाढता मी सहज विचारलं, "बापू, माल कुठं उतरवला?"

"गोदामात की. बायपासला."

"आज?"

"दोन वर्सं झाली, तिकडंच उतरून राहिलो आमी. मोंढ्यात कोण येतंय आता?"

मी डाव पातेल्यात ठेवला. "मग इकडं कसे येता?"

"कसे म्हंजे? चालत. एखादा रिकामा टेम्पो भेटला तर त्यात. जेवून माघारी तसंच. वजनकाट्याला नंबर लागायचा असतो, म्हणून जरा पळापळ होती."

"इतक्या उन्हात? बापू, एवढी तकलीफ काहून करता? एका शब्दानं सांगितलं न्हाई कधी."

बापूंनी भाकरी मोडली, रश्श्यात भिजवली. "काय सांगायचं वहिनी? तुमीच म्हणत व्हत्या, माझ्या माणसांपायी मी ही गल्ली सोडत न्हाई. आमाला वाटलं, बाई आपल्यापायी थांबली हाय, तर आपण न्हाई गेलं तर बरं दिसंल का?"

बाकीचे तिघं जेवत होते. एकाने वाटी पुढे केली, मी त्याला आणखी रस्सा वाढला. वाटी भरली तरी वाढतच राहिले, थोडा बाकावर सांडला.

मालक आत फोन हातात घेऊन उभे होते. प्लॉटवाल्याचा नंबर काढलेला. मी आत गेले आणि म्हटलं, "हो म्हणा त्याला. आणि विचारा, भिंतीलगत किती बाक बसतील."